गेल्या वर्षीचं वाण

रथसप्तमीच्या हळदीकुंकवासाठी मंत्रीसाहेब पत्नी सुनंदाबाईंना घेऊन सरकारी बंगल्यातून घाटकोपरच्या जुन्या घरी आले, पण दिवेलागण झाली तरी आळीतली एकही बाई फिरकली नाही. महिन्यापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता, आणि साहेबांनी खुर्ची सोडली नव्हती. सुनंदाबाई तिळगुळाचं ताट झाकणार, तेवढ्यात पदर कपाळावर ओढून शेवंती आली. निवडणुकीत साहेबांसाठी भिंती रंगवणाऱ्या लवूची बायको. "तू तरी आलीस गं!" म्हणत त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. शेवंतीनं कपाळ मागे घेतलं आणि ओच्यातून कुंकवाचा पितळी करंडा काढून ताटाशेजारी ठेवला. "गेल्या वर्षी तुम्हीच वाणात दिलेला, वहिनीनू. आता माका कित्याक होयो?" सुनंदाबाईंचं बोट हवेतच राहिलं. आतून साहेबांचा आवाज आला, "शेवंती ना ती? लवूला म्हणावं, राग सोड. पुढच्या निवडणुकीलाही भिंती त्यानंच रंगवायच्यात."