चंदूचं सोंग

“आजही माणूस मेला,” उमा मॅडम म्हणाल्या.

मेला म्हणजे सरावात. अंबरनाथच्या त्या कारखान्यात आग लागली असं मानायचं, यंत्रानं पांढरा धूर सोडायचा आणि आत पडलेला बाहुला तिघांनी शोधून आणायचा. काल आणि आज, दोन्ही वेळा शलाका, पुष्कर आणि मुकेश एकदमच ओरडत सुटले होते. वॉकीटॉकीवर कुणाचं कुणाला कळलं नव्हतं.

“धावता चांगले, पण ऐकत नाही. दुपारी शेवटचा सराव. जमलं नाही तर बचाव पथकात दुसरी माणसं घेईन,” मॅडम म्हणाल्या. “या वेळी बाहुला नाही. आपल्या बदलापूरच्या कारखान्यातून चंदू येतोय. तो कुठं पडेल, ते मलाही माहीत नाही.”

चंदूला तिघांनी कधी पाहिलं नव्हतं.

शलाकानं दोघांना बाजूला घेतलं. “एकानं बोलायचं. दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. मगच हलायचं.”

“बॉस कौन?” मुकेशनं विचारलं.

“ज्याला दिसतंय तो.”

जेवणाची सुट्टी संपायच्या आतच भोंगा झाला. कामगार गेटकडे पळाले. तिघं धुरात शिरले.

“डावीकडं भिंत,” पुष्कर म्हणाला.

“डावीकडं भिंत,” शलाका म्हणाली.

“पिंपांच्या मागं पाय दिसतायत,” मुकेश म्हणाला.

“पिंपांच्या मागं पाय. आम्ही येतोय.”

एक माणूस कुशीवर पडला होता. शेजारी उघडा डबा, अर्धी भाकरी.

“तयारी बघ पठ्ठ्याची,” पुष्कर म्हणाला. “ओठांना निळी शाई पण लावलीय.”

शलाकानं बॅटरी धरली. “तोंड उघडतेय. आत घास आहे.”

“तोंडात घास,” मुकेश म्हणाला. “मान धरतो.”

तिनं बोट घालून घास काढला. पुष्करनं पाठीत थापा मारल्या. माणसाच्या छातीतून घरघर उठली आणि त्यानं लांब श्वास ओढला.

“कमाल ॲक्टिंग यार,” मुकेश पुटपुटला.

स्ट्रेचर, ऑक्सिजन, दार. कुणाचा आवाज चढला नाही. गेटवरच्या ॲम्ब्युलन्समधल्या सिस्टरनं नाडी धरली. “लागतेय आता,” ती म्हणाली आणि गाडी हॉस्पिटलकडे निघाली. तेही सरावात ठरलेलंच होतं.

वॉकीटॉकीवर सगळं ऐकत बसलेल्या उमा मॅडम ऑफिसमधून खाली आल्या.

“इतकी वर्षं हे शिकवतेय,” त्या म्हणाल्या. “तीन माणसं एका जिवासारखी चालताना आज पहिल्यांदा ऐकली. अंगावर काटा आला.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण हे केलं, हे शलाकाला खरंच वाटेना.

“मॅडम, पण चंदूला मानलं पाहिजे,” पुष्कर म्हणाला. “तो घास, ती शाई, हे तुम्ही सांगितलं होतं?”

“छे, मी फक्त वॉकीटॉकी बंद ठेवून पडून राहा म्हटलं होतं. त्याचंच डोकं. संध्याकाळी भेटून त्याची पाठ थोपटते.”

त्यांच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

“मॅडम, चंदू बोलतोय. मी बॉयलरमागं केव्हाचा पडून आहे, मला न्यायला कुणी येणार आहे ना?”