गाठीचे वय

मंगळवारी सकाळी, रुग्णालयाच्या स्कॅन विभागासमोरील बाकावर, ती फुटलेल्या ओठावर रुमाल दाबून बसली होती. नवऱ्याने तिचे डोके भिंतीवर दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा आपटण्याआधी तो स्वतःच कोसळला, यावर सासूबाईंचा विश्वास बसत नव्हता.

"मेंदूत रक्त काय उगीच साचतं? हिनेच त्याच्या डोक्यात काहीतरी घातलं," त्या डॉक्टरांना ठणकावून सांगत होत्या.

डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. "आजी, दिसतं माराच्या रक्तासारखंच, आधी आम्हीही फसलो. पण त्याच्या डोक्याला बाहेरून ओरखडासुद्धा नाही. फुप्फुसातला कर्करोग मेंदूत पसरलाय, आणि तिथल्या गाठीत रक्तस्राव झालाय. अशा गाठीने माणसाचा स्वभावही बिघडतो."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "तरीच. माझा बाळ मुंगीलाही दुखवणारा नव्हे. हात त्याचा उठायचा, पण करवून घेत होती ती गाठ. ऐकलंस ना गं?"

तिने रुमाल खाली घेतला. "डॉक्टर, ही गाठ किती जुनी असेल?"

"फार तर काही महिन्यांची."

ती सासूबाईंकडे वळली.


"मग आई, वीस वर्षांपूर्वी माझा हात मोडला, तो ह्यांनीच."