माजी आमदार

कृष्णाकाठच्या त्या मतदारसंघात वीरधवलराव सलग निवडून यायचे आणि गुंडातात्या दर वेळी त्यांच्यासमोर उभे राहून पडायचे. पुढं पुनर्रचनेत मतदारसंघच पुसला गेला आणि गावं शेजारच्या आमदारांत वाटली गेली. तात्यांची उरलीसुरली आशा संपली, वीरधवलरावांच्या दारातली गर्दीही आटली. तरी दोघांनी एकमेकांचा उंबरा कधी ओलांडला नाही.

वीरधवलरावांना विसरण्याचा आजार जडल्याचं कळलं, तेव्हा मात्र तात्या इस्लामपूरला त्यांच्या घरी गेले.

"आवं तात्या, मामा आता कुणालाच वळखत न्हाईत," सून संयोगिता म्हणाली. "पोटच्या पोरालाबी न्हाई."

तात्यांना पाहून वीरधवलराव धडपडत उठले. त्यांनी हात जोडले.

"आमदारसाहेब, तुमी कशाला आलासा? मला बोलवायचं हुतं की."

संयोगिता सासऱ्यांना सांगायला पुढं झाली. तात्यांनी तिला खुणेनं थांबवलं.

"मी पडलो, त्याचं काय न्हाई," वीरधवलराव म्हणाले. "पर आमच्या गावांना पाणी न्हाई. बायाबापड्यांचे लय हाल हायत. तेवढं बघा."

तात्यांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. जे आजवर एकाही सभेत कबूल केलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निघालं.

"पाणी कवाच आलंय साहेब. माझ्या आधीच्या आमदारांनी आणलं. लय मोठा माणूस."

वीरधवलरावांचा चेहरा खुलला.

"व्हय? नाव काय त्यांचं?"