जुन्या फकिराचा आवाज

सूफी गिरक्यांच्या ध्यानासाठी मी जालन्यात एक धून बांधली. चाळीस जण डोळे मिटून तिच्यावर गरगर फिरत होते, त्यातले तिघं रडत होते. मधूनमधून येणारा आर्त हुंकार एका जुन्या फकिराचा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. वाटूरहून आलेली आई कडेला खुर्चीवर बसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "आदिनाथ, हे तर माझं कण्हणं हाय. गुडघा धरल्ता तव्हाचं."

"आई, हळू बोल."

"बरं," ती कुजबुजली. "मी बाम मागितला, तर तू मोबाइल माझ्या तोंडाजवळ धरून म्हणला, 'अजून एकदा.' मंग मी अजून जोरात कण्हले. बराबर आलंय ना रे?"