सारवणाखालचं घर

सारवलेल्या ओल्या अंगणावर मधमाशी घिरट्या घालत होती. पायांना पिवळे पराग, आणि उतरायला दार नाही. कुमुदताईंचा शेणाचा हात थबकला. कार्तिकाचा नेम म्हणून तुळशीपुढचं अंगण त्या रोज सारवत. कडेच्या मातीतलं माशीचं बीळ आज सारवणाखाली गेलं होतं.

"हिचं पोळं नसतं. एकटीच बीळ खोदते," सागरी जीवांचा अभ्यास करणारी लेक म्हणाली. "माझा एकपेशीय जीवही वाळूचे कण चिकटवून एकटाच घर बांधतो. पिल्लं होताना मात्र सगळा त्यांच्यात वाटला जातो, मागे रिकामं घर. हिची अंडी आत, आणि ही आई बाहेर."

माशी एकाच जागी खाली खाली येऊ लागली.

"पण वाळेपर्यंत सारवणाला बोट लावायचं नाही, असा तुझा नेम ना, आई?"

 कुमुदताई करंगळीने सारवण उकरत गेल्या. भोक लागलं. माशी आत शिरली, तेव्हा उंबऱ्यापुढे काढतात तशी चिमूटभर रांगोळी त्यांनी भोकापुढे काढली.