तीस आकडे

साहेबांनी सतरा गावं बुडवली, आणि तीही थेंबभर पाणी न वापरता. धरण बांधणाऱ्यांनाही हे जमलं नव्हतं. त्यांना निदान भिंत तरी घालावी लागली.

बुडालेल्या सतरांपैकी एका गावची, उंबरदऱ्याची झुंबरबाई, कचेरीच्या दारात बसली होती. तिची ही चौथी खेप. शेजारी तिची पोरगी रुपाली. रुपालीचं नर्सिंगला नाव लागलं होतं, रहिवासाचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता. आज शेवटचा दिवस. पाच वाजता नारायणगावच्या कॉलेजची खिडकी बंद होणार आणि पोरीची जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार.

"तुमचं गाव मशीनमध्ये नाही," साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

"गाव डोंगरावर हाय, साहेब. मशीनमधी कशाला असंल?"

"मशीनमध्ये नाही म्हणजे नाही. डिंभ्याच्या धरणात गेलं असेल."

"धरण लई खाली राह्यलं. पाणी डोंगर चढतं व्हय?"

शिपाई हौशीराम हसला, आणि साहेबांचं तोंड बघून त्यानं हसू गिळलं.

साहेबांनी तर वर पत्रही धाडलं होतं, की डोंगरातल्या सतरा गावांची माहिती आढळून येत नाही. वरून उत्तर आलं, नोंद घेतली. झालं, मिटलं. त्या सतरा गावांत माणसं भात लावत होती, लेकरं जन्मत होती, मतं मागायला जीपगाड्या बरोबर वाट काढून जात होत्या. कागदावर मात्र तिथं नुसतं रान.

मशीनचा थाट देवाचा. कचेरीत चालू पंखा एकच, तो मशीनवर. चपला चौकटीबाहेर. पडद्याच्या कपाळाला कुंकू. वीज दिवसातून दोन-तीनदा जायची, आणि आली की साहेब मशीनचं बटण दाबायचे, उदबत्ती लावायचे, डोळे मिटायचे आणि कुलदैवताचं नाव एकवीस वेळा घ्यायचे. आधीचा कारकून बदलून जाताना मशीनबद्दल काहीतरी सांगू बघत होता. पण हाताखालच्या माणसाकडून शिकायला साहेब काही दुधखुळे नव्हते.

चपला काढून चौकटीत बसलेल्या माणसाला पडदा सरळ समोर दिसतो. झुंबरबाईनं मागच्या तिन्ही खेपांना बघितलं होतं. मशीन जागं झालं की आधी काळा पडदा. त्यावर दोन ओळी, वरच्या ओळीवर पांढरा पट्टा, आणि खाली एक आकडा. तो भराभरा उतरत जायचा. साहेबांनी डोळे उघडेपर्यंत सगळं पुसून साफ.

दुपारी वीज गेली. आली ती तीनला. साहेबांनी बटण दाबलं, काडी ओढली, डोळे मिटले.

"रुपे, ते काय लिवलंय गं?"

बारावी झालेल्या रुपालीनं मान पुढं काढून इंग्रजी वाचलं. "आई, ते इचारतंय. मशीनमधी दोन कारभार हायेत, एक नवा, एक जुना. कुठला चालू करू म्हणतंय."

"आन कुणी सांगितलंच नाय तर?"

"तर तीस मोजतं आन वरचा चालू करतं. नवा."

झुंबरबाईनं साहेबांकडे पाहिलं. ओठ हलत होते, डोळे गच्च मिटलेले. आकडा बारावर आला होता.

"खालचा कसा सांगायचा?"

"बटणांच्या पाटीवर खाली तोंड केलेला बाण हाय बघ."

झुंबरबाई उठली. अनवाणी पायांनी आत गेली आणि भात लावून चिरलेलं बोट तिनं बाणावर दाबलं. पट्टा खालच्या ओळीवर उतरला. आकडा पाचवर थांबला. मशीन गप उभं राहिलं, पुढचा हुकूम ऐकायला. मागून रुपाली आली आणि तिनं कडेचं मोठं बटण दाबलं.

पडद्यावर निळं आभाळ आलं, ढग आले. साहेबांनी एकविसावं नाव घेऊन डोळे उघडले आणि ते चपापले. इतक्या महिन्यांत असं दर्शन घडलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं पुन्हा हात जोडले.

"साहेब, हे तर आधीच्या कारकून भाऊसाहेबांचं," हौशीराम म्हणाला. "ते ह्यातच काम करायचे. डोंगरातली गावं हितंच व्हती की."

भाऊसाहेबांचं बघून शिकलेल्या हौशीरामनं यादी उघडली. गावं तिथंच होती. सतराच्या सतरा, एकाखाली एक, कोरडी ठणठणीत. चौथं उंबरदरा. त्यात घर गेणूचं, बायको झुंबरबाई, मुलगी रुपाली.

छपाईचं मशीन करकरलं. हौशीरामनं कागद फाडून साहेबांपुढं ठेवला, वर शिक्काही ठेवला. साहेबांनी सही केली. हात सवयीनं चालला. रुपालीनं दाखला उचलला.

"चल आई, जीप उभी हाय."

"तू जा. पळ."

पोरगी पळाली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि लांब गेला. तेव्हा कुठं साहेबांना कंठ फुटला.

"मशीनला हात कुणी लावला? माझी पूजा चालू होती."

झुंबरबाई चौकटीकडे वळली नाही. साहेबांच्या समोरची खुर्ची तिनं ओढली आणि तिच्यावर बसली.

"मी लावला. एक डाव लावला. ते तर रोज तुमालाच इचारत व्हतं, साहेब. तीस आकडे थांबून इचारत व्हतं. नेमकं तवाच तुमी डोळं का मिटत व्हता? बाकीच्या सोळा गावांस्नी जाऊन सांगायचंय मला. माझी यष्टी सहाला हाय. सांगा."