द्राक्षमळ्यातलं बाकडं

या, असे जवळ सरकून बसा. बुवांचा मृदंग सुरात यायला अजून वेळ आहे. तोवर आपल्या पेणातली एक गोष्ट सांगतो. ऐकल्यावर कपाळाला बुक्का लावताना तुमचं बोट क्षणभर थांबेल, एवढं कबूल करतो.

तर सुरभीच्या घरी पाटावर सात वायनऱ्यांची यादी पडली होती आणि तिचे वडील, दाजी, लाल पेन्सिलीनं त्यातली एकेक खोडत होते.

हे बघून अख्ख्या रोह्याला घेरी आली असती. दाजी राहणार कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात. गळ्यात तुळशीची माळ. तालुक्यात कीर्तन कुठंही असो, पुढच्या रांगेत मांडी घालून हजर. खोकला झाला तर वैद्यानं दिलेलं द्राक्षासवसुद्धा बूच न काढता परत करायचे. आपल्याकडं लग्नाची हळद म्हणजे दारू आलीच. बायको शांती होती तोवर दाजी हळदीला जायचे, पण मांडवात ती त्यांचं मनगट धरून बसायची, घरी निघेपर्यंत सोडायची नाही. बाया हसायच्या. म्हणायच्या, नवी नवरी मांडवात बसलीय का तू गो? शांती पण हसायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून दाजींनी हळदीला जाणंच सोडलं.

असा माणूस वायनऱ्या निवडत होता, कारण प्रश्न जावयाचा होता.

सुरभीचा नवरा जितेश डोलवीच्या कंपनीत. दारू सुटून त्याला सात महिने झाले होते. त्याआधीची तीन वर्षं सुरभीनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. एक घोट पोटात गेला की पुन्हा तेच दिवस, हे दोघांनाही कळत होतं. आणि नेमकी त्याच्या शिफ्टमधल्या मंडळींनी जोडीनं नाशिकची सहल काढली. एक दिवस त्र्यंबकेश्वर, एक दिवस वायनऱ्या. निवडायचं काम आलं जितेशकडे. जाणार नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि दारूचं त्यानं कंपनीत कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

सुरभीनं फोनवर वडिलांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दाजी पेणला उतरले. चहाही न घेता जावयाला देवळाकडे घेऊन गेले. तासाभरानं दोघं परतले.

“यादी आन,” दाजी लेकीला म्हणाले. “निवडतो मी. आनि मी पन येतो.”

मग जितेशनं एकेक वायनरीला फोन लावायचा आणि दाजींनी शेजारून प्रश्न सांगायचे. चव घेतात ती जागा उघडी की बंद? वास कुठवर येतो? पेला मागितल्यावर देतात की न विचारताच समोर ठेवतात? एकीचं तळघर होतं. तिथं वास कोंडतो म्हणून ती गेली. जेवणाबरोबर वाढणारी गेली. पिंपांमधून फिरवून आणणारी गेली. शेवटी राहिल्या दोन. दोन्हीकडे मळ्यात लांब, झाडाखाली बाकडं होतं.

“आबा, जन्मभर याच धंद्यात असल्यासारखं विचारताय,” सुरभी म्हणाली.

“कीर्तनात बसलं का मानूस सगळं ऐकतो गो.”

ती हसली. जितेश हसला नाही.

गाडीत जितेशचा शिफ्टमधला जोडीदार नितेश त्याला सोडेना. सासऱ्याला घेऊन वाईन चाखायला निघालेला पेणातला पहिला जावई, असं त्यानं पनवेलपर्यंत चारदा म्हटलं. दाजींनी शांतपणे सांगितलं, पहिला हाय ना, मग उतरून नारळ फोड. गाडी हसली आणि विषय मिटला.

त्र्यंबकेश्वराचं दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी पहिली वायनरी सुखरूप पार पडली. मामांना चालवत नाही, मी त्यांच्यापाशी बसतो, असं म्हणून जितेश बाकड्यावर थांबला. कुणाला शंका येऊ नये म्हणून सुरभी बायकांबरोबर आत गेली.

दुसऱ्या ठिकाणी घात व्हायची वेळ आली. तिथल्या मुलीला बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याची दया आली असावी. ती दोन पेले ट्रेमध्ये घेऊन बाकड्याकडे गेली, समोरच्या स्टुलावर ठेवून हसून परत आली.

सुरभीनं खिडकीतून पाहिलं. पेले हातभर अंतरावर. दाजींनी उपरण्याच्या टोकाला बांधलेली कापराची पुडी नाकाशी धरली होती. त्यांचा दुसरा हात जितेशच्या हातात घट्ट अडकला होता. सुरभीला खिडकी सोडवेना. मग जितेशनं डाव्या हातानं एक पेला उचलला, वेलाच्या मुळाशी ओतला. दुसराही ओतला. उजवा हात त्यानं सोडवला नाही.

पेणला परतल्यावर सुरभीनं चहा ठेवला. कप पुढं करायच्या आधी ती वाकून वडिलांच्या पाया पडली. म्हणाली, “आबा, तुम्ही धरून ठेवलंत म्हणून यांचा पाय घसरला नाही.” आणि कुठं लागलं का बघायला तिनं जितेशचं मनगट हातात घेतलं. त्यावर ओरखडाही नव्हता.

दाजींनी कपासाठी हात पुढं केला तशी सदऱ्याची बाही मागं सरकली. त्यांच्या मनगटावर चार बोटं काळीनिळी उमटली होती.

“तू पाळन्यात होतीस तवापासून तुझ्या आयनं मला धरलान,” ते म्हणाले. “काल जावयानं धरलान.”

मृदंग लागला बघा. बोटानं काळा बुक्का लावाल तेव्हा मनगटावरच्या त्या काळ्या बोटांची आणि शांतीची आठवण ठेवा.